निऑन नागिणीचे केस

गुरुवार, ३० जानेवारी

कंपनीत मानसिक आरोग्यावर बोलायला एक बाई आल्या होत्या. छातीत धडधडायला लागलं की कुणाला फोन करू नका, आधी लिहून काढा, असं त्यांनी सांगितलं. तेव्हा मी मागच्या रांगेत बसून सामोसा खात हसलो होतो. आज लिहायला बसलोय.

कारण ओवी. ही मुलगी पुण्याकडच्या रॉक बँडांवर इंटरनेटवर लिहिते आणि सगळे तिचं वाचतात. आज तिने 'नागीण की चित्ते?' असा लांबलचक लेख टाकलाय. नागीण म्हणजे आम्ही, निऑन नागीण, चिंचवड. चित्ते म्हणजे क्रोम चित्ते, पिंपरी. या पट्ट्यात हेअर मेटल वाजवणारे दोनच बँड, त्यामुळे तुलना होणारच. हेअर मेटल म्हणजे काय हे मला ऑफिसात दर वेळी नव्याने सांगावं लागतं. ऐंशीच्या दशकातलं अमेरिकन रॉक, घट्ट चकचकीत विजारी, डोळ्यांत काजळ, किंचाळणारी गिटार आणि कंबरेपर्यंत केस.

बावीस फेब्रुवारीला वाकडच्या एका ब्रुअरीत आमचा सामना आहे. जिंकेल तो बँड डिसेंबरच्या मोठ्या महोत्सवात वाजवणार. सहा वर्षांत पहिल्यांदा असं काही समोर आलंय, आणि ओवीने ऐन वेळी लिहिलंय काय, तर 'वरदकडे केस आहेत, धम्मरत्नकडे हात आहेत.'

वरद म्हणजे मी, नागिणीचा गिटारिस्ट, आणि धम्मरत्न चित्त्यांचा. हे वाक्य आज मी इतक्या वेळा वाचलं की चाकणहून येताना मोशीचा सिग्नल हिरवा झालेला कळला नाही. मागच्या टेंपोवाल्याने आईबहिणीवरून उद्धार केला, तेव्हा गाडी हलली.

रविवार, २ फेब्रुवारी

दिवसभर चित्त्यांचे व्हिडिओ पाहिले. शत्रूचा अभ्यास करावा म्हणून पाहायला बसलो आणि जेवायची वेळ टळली तरी उठलो नाही.

प्रामाणिकपणे लिहायचं तर गाण्यात आमचा सनी त्यांच्या गायकापेक्षा सरस आहे. त्यांचा माणूस वरच्या पट्टीत गेला की दाराची बिजागरी वाजते. ड्रमवर बरोबरी. कपड्यांत आम्ही पुढे. प्रश्न आहे तो गिटारचा. धम्मरत्न तार ओढतो तेव्हा सूर जिथे जायला हवा तिथे जाऊन थांबतो. मी ओढतो तेव्हा तो जवळपास पोचतो, आणि उरलेलं मी मान झटकून भागवतो. केस असे गर्रकन फिरतात की लोक ओरडायला लागतात, सूर कोण ऐकतोय!

पण धम्मरत्नचा विग आहे, हे सगळ्यांना माहीत आहे. तो चाकणमध्ये प्रेस शॉपला आहे, पत्रा ठोकणाऱ्या मशीनवर. तिथे मशीनजवळ लांब केस चालत नाहीत, त्यामुळे त्याचं डोकं शाळेतल्या मुलासारखं बारीक कापलेलं. मी डिझाइनला, एसीत बसून गाड्यांच्या सीटच्या फ्रेम काढतो. माझे केस खरे आहेत. नकली ते नकलीच.

बाबा आज जेवताना म्हणाले की या घरात दोन बायका आहेत आणि त्यातल्या एकीला मिशा आहेत. पाणीपुरवठा खात्यातून रिटायर झाल्यापासून त्यांना दुसरा उद्योग नाही. आई हसली. बाबा हसता हसता खूप वेळ खोकत होते.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

बाबा आयसीयूत आहेत. काल दुपारी आईचा फोन आला की यांना श्वास लागलाय, ओठ निळे दिसतायत. मी चाकणहून पोचेपर्यंत शेजाऱ्यांनी त्यांना हलवलं होतं. दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया. रात्रीच व्हेंटिलेटर लावला.

काचेतून दिसतात. नळ्या आहेत. जास्त लिहवत नाही.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

आळंदीहून ज्योतीराममामा आला आहे, आईचा धाकटा भाऊ. त्याने मला चहाला म्हणून खाली नेलं आणि चहा न घेताच म्हणाला की मन घट्ट कर, डाक्तरांचं तोंड काय बरं दिसंना. तू एकुलता हायेस, सगळं तुलाच करावं लागंल.

सगळं म्हणजे काय ते मला माहीत आहे. अग्नी द्यायचा, आणि केस उतरवायचे. आमच्यात बाप गेला की मुलाचं मुंडण होतं, त्यात बोलण्यासारखं काही नसतं.

आता जे घडलं ते लिहितो. मामा बोलत होता आणि माझ्या डोक्यात पहिलं चित्र आलं ते बावीस तारखेच्या स्टेजचं. दिवे, धूर आणि मी तुळतुळीत. बाबा नसतील, हे त्याच्यानंतर आलं. सुतकात कोण स्टेजवर जातं, हे तर त्याच्याही नंतर. मी काय माणूस आहे देव जाणे. मामाने पाठीवर हात ठेवला, त्याला वाटलं मी बाबांसाठी रडतोय.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

आईने नवस बोललाय. हॉस्पिटलच्या जिन्यात बसून डबा खाताना तिने मला सांगितलं, जशी भाजीत मीठ कमी आहे हे सांगावं तशी. हे बरे होऊन घरी आले तर वरदचे केस इंद्रायणीच्या घाटावर माउलीला देईन.

मी म्हणालो, माझे केस? मला न विचारता?

"मग काय देऊ?" ती म्हणाली. "आपल्या घरात जीव लावून वाढवलेलं दुसरं काय आहे?"

तिचं माहेर आळंदीचं. देवाशी ती माहेरच्या माणसासारखीच बोलते, त्यामुळे शब्द फिरवायचा प्रश्न येत नाही. मी पोळी गिळली. जेवताना अशा जागी वाद घालू नये म्हणतात.

रविवार, ९ फेब्रुवारी

आज तालमीला गेलो. सनी म्हणाला भावा, नको येऊस, आम्ही समजून घेऊ. पण घरी बसून काय करू? 

चित्त्यांनी नवीन सोलो, म्हणजे एकट्या गिटारचा तुकडा, टाकलाय. दोन्ही हातांची बोटं गिटारच्या मानेवर मारून वाजवायचा प्रकार, टॅपिंग म्हणतात त्याला. धम्मरत्नची बोटं पावसाच्या थेंबांसारखी पडत होती, एकही मागे-पुढे नाही. खाली कुणीतरी लिहिलंय की नागीणचा पोरगा आता शाम्पूच्या जाहिरातीत दिसेल. त्यावर एकशे चाळीस लोक हसलेत.

तालमीनंतर पार्किंगमध्ये सगळं एकदम लक्षात आलं आणि मी गाडीवर बसून राहिलो. बाबा गेले तर केस जाणार. बाबा बरे झाले तर केस जाणार. इकडे आड, तिकडे विहीर. बावीसपर्यंत केस राहायचे तर एकच मार्ग आहे, बाबा आत्ता आहेत तसेच राहायला हवेत. ना इकडे ना तिकडे. नळ्यांसकट.

मी तशी इच्छा केली असं नाही. नुसता हिशेब मांडला. पण संध्याकाळी डॉक्टर म्हणाले की प्रकृती स्थिर आहे, काही बदल नाही, आणि मला हायसं वाटलं. आईने माझा चेहरा पाहिला. तिला बरं वाटलं असावं की मुलगा धीराचा आहे.

बुधवार, १२ फेब्रुवारी

व्हेंटिलेटर काढला! बाबा स्वतःचा श्वास घेतायत. मला आत सोडलं. घसा सोललेला, आवाज नाही, पण त्यांनी हात वर करून माझ्या केसांची बट ओढली, लहानपणी कान ओढायचे तशी. मी तिथेच हमसून रडलो. नर्सने बाहेर काढलं.

खरंच आनंद झाला. हे लिहून ठेवतो, कारण बाहेर आल्यावर लिफ्टच्या स्टीलच्या दारात स्वतःला पाहिलं आणि परत धडधड सुरू झाली.

आईने विचारलं, कधी जाऊ या आळंदीला. म्हटलं आधी घरी तर येऊ देत. नवसातच तसं आहे, घरी आले तर. तिने मान हलवली. कायदा माझ्या बाजूने होता.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

आज चाकणला आंबेठाण चौकातल्या टपरीवर धम्मरत्न भेटला. पहिल्या शिफ्टहून सुटला होता. मी तोंड फिरवणार तेवढ्यात त्यानेच हाक मारली आणि बाबांची चौकशी केली. सनीने त्याला सांगितलं होतं म्हणे. शत्रूच्या गोटात आमच्या घरच्या बातम्या जातात, सनीशी एकदा बोलायला हवं.

चहा घेतला. मी त्याला टॅपिंगबद्दल विचारलं नाही. त्यानेच सांगितलं की मशीनच्या ठोक्यावर तो दिवसभर मांडीवर बोटं मारत असतो, त्यानेच हात बसला. मग बोलता बोलता मी त्याला नवसाचं सांगून टाकलं. का सांगितलं कुणास ठाऊक. घरचं माणूस नसलं की बोलता येतं.

तो हसला नाही. म्हणाला, "आमच्यात नवस-बिवस नाही. बाबासाहेबांनी सोडवलं आम्हाला त्यातून. पण आईला काय समजावणार राव? तू केस देऊन टाक. माझ्याकडे दोन विग आहेत. एक घेऊन जा, चांगला आहे, कंबरेपर्यंत येतो."

मी विचार केल्यासारखं केलं आणि नको म्हणालो. विग घातला तर ओवी काय लिहील? आणि चित्त्यांचा विग नागिणीच्या डोक्यावर, हे चारचौघांत निघालं की संपलंच. शिवाय तो इतका सहज द्यायला निघाला, म्हणजे काहीतरी डाव असणार. स्पर्धेला आठवडा राहिलाय आणि समोरच्याची सगळ्यात मोठी ताकद त्याच्याच हाताने उतरवून घ्यायची, साधा सरळ डाव आहे.

त्याने चहाचे पैसे दिले आणि बसकडे पळाला.

रविवार, १६ फेब्रुवारी

बाबा घरी आले. जिना चढताना दोनदा बसले. आईने भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि त्यांना टेकायला उशी देऊन माझ्याकडे वळली. उद्या सोमवार आहे, उद्याच जाऊ.

मी म्हणालो बावीसनंतर. तेवीसला, रविवारी, सकाळी सातला उठून जाऊ. शप्पथ.

ती म्हणाली की बोललेलं लांबवू नये. मी म्हणालो सहा दिवसांनी काय होतंय. ती म्हणाली देवाने लांबवलं का? आणि मग माझा आवाज चढला. देव काय बावीसला दुकान बंद करून जाणार आहे का, आणि नवस मला विचारून बोलली होतीस का, आणि माझं या जन्मात एकदा तरी काही होऊ द्याल की नाही. बाबा आतल्या खोलीत होते. 

आई म्हणाली, बरं. स्वयंपाकघरात गेली. विषय संपला. थोडं वाईट वाटलं, पण तिला पटलं हे महत्त्वाचं.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

बाबांना ताप. डॉक्टर फोनवर म्हणाले घाबरू नका, असं होतं, औषध बदलून देतो, तीन दिवस बघू.

आई देवापुढे बसली होती. मी ऑफिसला जाताना नेहमी दारापर्यंत येते, आज आली नाही.

तालमीत सोलो दोनदा चुकला. सनी म्हणाला बिनधास्त मान फिरव, कोण ऐकतंय.

बुधवार, १९ फेब्रुवारी

ताप तसाच. मी आज आईला विचारलं की तुला वाटतंय का माझ्यामुळे? ती म्हणाली, मी असं म्हणाले का? म्हणजे नाही म्हणाली. विज्ञान आहे, जंतू आहेत, औषध आहे. ताप आणि केस यांचा काडीचा संबंध नाही. मी इंजिनिअर आहे.

तरी बाबांच्या कपाळाला हात लावताना केस मागे बांधून घेतले.

गुरुवार, २० फेब्रुवारी

ऑफिसातून लवकर आलो. दार मामाने उघडलं. तो आत ये म्हणालाच नाही, बाजूला झाला.

आई पलंगाशी बसून बाबांना पेज भरवत होती. डोक्यावरून पदर घट्ट घेतला होता. उन्हातून आली असेल वाटलं. मग ती वाटी ठेवायला वाकली, पदर घसरला.

तिच्या डोक्यावर एकही केस नव्हता. कानामागे वस्ताऱ्याची बारीक जखम, त्यावर हळद. कान किती मोठे दिसत होते. मला माझी आई ओळखूच आली नाही, हे खरं आहे.

मामाने बाहेर गॅलरीत सांगितलं. सकाळीच ती एकटी आळंदीला त्याच्या दारात उभी राहिली, मला घाटावर ने म्हणून. त्याने हातापाया पडून बघितलं. घाटावरचा न्हावीही ऐकेना. नवरा जित्ता असताना सवाष्णीच्या डोक्याला मी हात लावणार न्हाई म्हणाला, पाप लागंल.

"त्याला म्हणाली, जिवंत राहावा म्हणूनच काढ," मामा म्हणाला. "आन् बसली की पाटावर. मी दुसरीकडं तोंड केलं."

 बाबा तिच्याकडे बघत राहिले आणि मग भिंतीकडे वळले. खांदे हलत होते. मला वाटलं खोकला.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

ताप उतरला. औषधाचा तिसरा दिवस होता, डॉक्टर म्हणालेच होते.

सकाळी सुट्टी टाकली आणि आईला म्हणालो की मी जातो आळंदीला, आत्ता. दोघांचे होऊ देत. ती कपडे वाळत घालत होती. चिमटा तोंडातून काढून म्हणाली, "आता नको कापूस. माझे वाया जातील."

 ती पुढचा टॉवेल झटकायला लागली.

अकराला शेजारच्या चिमाबाई आल्या त्या गळा काढूनच. खाली पाणी भरताना त्यांनी आईला पाहिलं होतं. आईच्या गळ्यात पडून म्हणाल्या की कसं गं झालं वासंती, आम्हाला कळवलं पण नाही, काल तर खोकल्याचा आवाज येत होता. आतून बाबांनी विचारलं की कोण आलंय, चहा टाका. चिमाबाई पांढऱ्याफटक पडल्या. पाच मिनिटं त्यांना धड बसताही येईना. मग आई हसायला लागली, बाबाही आतून हसले आणि खोकले. मीही हसलो. हसताना आईने पदर दातांत धरून ठेवला होता, सरकू नये म्हणून.

संपूर्ण सोसायटीत आता हेच. वॉचमनने मला विचारलं, साहेब ठीक आहेत ना? आहेत म्हटलं. मग तो माझ्या केसांकडे बघत राहिला. जास्त वेळ बघितलं असं मला वाटलं.

रविवार, २३ फेब्रुवारी

काल झालं एकदाचं.

ब्रुअरी खच्चून भरली होती. पहिले चित्ते. धम्मरत्न विग लावून आला आणि एकही सूर वाया न घालवता वाजवून गेला. मग आम्ही. सनीने नेहमीप्रमाणे पहिल्या गाण्यात माझ्याकडे हात केला, म्हणजे आता मान फिरवायची, केस उडवायचे, लोक ओरडणार. मला मान हलवताच येईना.  केस दोन्ही बाजूंनी तोंडावर आले होते तेही मागे सारले नाहीत. खाली बोटांकडे बघत राहिलो आणि वाजवलं. झटकून भागवायचं नव्हतं, त्यामुळे प्रत्येक तार पूर्ण ओढावी लागली. सोलो कधी संपला कळलं नाही. टाळ्या नेहमीपेक्षा कमी होत्या. सुरुवातीला तर शांतताच होती, लोक कंटाळले असणार.

चित्ते जिंकले. ओवीने सकाळीच टाकलंय की वरद काल पुतळ्यासारखा उभा होता आणि आपण इतके दिवस त्याला बघत होतो, ऐकत नव्हतो. टोमणाच आहे, बाकी काय. सनी माझ्याशी बोलत नाहीये, शो घालवलास, एवढंच म्हणाला. धम्मरत्न मागे आला, विग काढून काखेत धरला होता, घामाने निथळत होता. म्हणाला, "भावा, आज वाजवलंस तू." हरलेल्याला असं म्हणायची पद्धतच असते. मी म्हटलं अभिनंदन. घरी कसं आहे विचारलं त्याने. मी ठीक आहे म्हणालो. आईने जे केलं ते सांगितलं असतं तर त्याने तिच्यासाठी दुसऱ्या विगचं काहीतरी म्हटलं असतं, आणि ते मला ऐकायचं नव्हतं.

सकाळी उठलो तेव्हा केसांत स्प्रे वाळून खराटा झाला होता. बाबा खुर्चीत बसून पेपर वाचत होते, तीन आठवड्यांत पहिल्यांदा. आईने मला बोलावलं आणि पाटावर पाठ करून बसवलं. तेलाची वाटी कोमट करून आणली होती. हातात तिची फणी होती, शिंगाची, लग्नातली. म्हणाली, नाहीतरी आता पडूनच आहे.

खालून वर, एकेक गाठ हाताने सोडवत ती विंचरायला लागली. दुखू नये म्हणून केस मुळाशी मुठीत धरत होती. मी माफी मागायला तोंड उघडलं दोनदा. पहिल्यांदा कुकरची शिट्टी झाली. दुसऱ्यांदा काहीच झालं नाही, तरी जमलं नाही.

मग तिनेच विचारलं, "जिंकलास का?"

नाही म्हणालो.

फणी जरा थांबली. "केस बरे दिसले ना पण?"

मी हो म्हणालो. तिने पुढची बट घेतली.